मागच्या चाकाखालचं लाल तेल

१

बोगादीहून रिंग रोडकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, श्रावणातल्या एका सकाळी, येसाजीराव इंगळ्यांच्या घरची पांढरी व्हॅन चौकात थांबायची ती थांबलीच नाही.

गाडी चालवत होते त्यांचे धाकटे भाऊ खंडोजीराव, शाळेतून निवृत्त झालेले कन्नडचे मास्तर. बायको गेल्यापासून ते दादांच्या घरीच वरच्या खोलीत राहायचे. शेजारच्या सीटवर येसाजीरावांची नात, म्हणजे त्यांच्या मुलाची, विजयेंद्रची, मुलगी शरण्या होती. ते तिला कॉलेजला सोडायला निघाले होते. समोर शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती. खंडोजीरावांनी गाडी उजवीकडे वळवली आणि बांधकाम चाललेल्या एका घराच्या भिंतीवर आपटली. मुलं वाचली. शरण्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं. खंडोजीरावांचा उजवा गुडघा दरवाजा आणि भिंत यांच्यामध्ये चिरडला.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, सगळ्या नातेवाइकांसमोर, येसाजीरावांनी निकाल देऊन टाकला. "ब्रेक ऑइल मी माझ्या हाताने भरलं होतं. गाडीत काही दोष नव्हता. तुझं लक्ष नव्हतं, खंडू. माझी नात गेली असती."

खंडोजीराव काहीच बोलले नाहीत. हॉस्पिटलमधून सुटल्यावर ते बोगादीच्या घरी आलेच नाहीत. परस्पर गावी, सरगूरला गेले. तिथे वडिलांच्या वेळचं थोडं शेत होतं आणि दोन खोल्यांचं घर होतं.

या गोष्टीला सहा महिने होत आले होते, तेव्हा एका रविवारी शरण्या सरस्वतीपुरमला नमिताकडे आली. नमिता म्हणजे येसाजीरावांच्या बहिणीची मुलगी. विमा कंपन्यांसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासायचं काम तिने उभा जन्म केलं होतं आणि नुकतंच सोडलं होतं. शेजारच्या लग्नाला जायचं म्हणून ती लाल साडी नेसून तयार होती.

"आत्या, मला हैदराबादला नोकरी लागली," शरण्या म्हणाली. "जायच्या आधी एक गोष्ट कळून घ्यायचीय. खंडूअज्जांनी ब्रेक दाबला होता. मी त्यांचा पाय बघितला. पुन्हा पुन्हा दाबत होते. पेडल खाली जाऊन तसंच बसत होतं."

"हे घरी सांगितलंस?"

"आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, तू घाबरली होतीस, तुला काय दिसणार. मग मलाही वाटलं, असेल तसं. घाबरले तर होतेच मी."

"आणि खंडूमामा काय म्हणतात?"

शरण्याने मान खाली घातली. "मी त्यांना फोनच नाही केला. आधी हाताला प्लास्टर होतं. मग परीक्षा. मग इतके दिवस गेले की आता काय बोलायचं, ते कळेना."

नमितानेही धाकट्या मामांना फोन केला नव्हता. घरातलं माणूस म्हणून ती या प्रकरणापासून लांब राहिली होती, आणि ते सोयीचंही होतं.

"गाडी उचलून नेली तेव्हा ब्रेक ऑइलची टाकी कशी होती, काही कळलं होतं?"

"जवळजवळ रिकामी. गगन मेकॅनिकने बाबांना तसं सांगितलं. आजोबा म्हणाले, धडकेत पाइप फुटला असेल, तेव्हा गळून गेलं."

"म्हणजे प्रश्न एवढाच आहे," नमिता म्हणाली. "तेल धडकेच्या आधी गळत होतं का नंतर. नंतर असेल तर चूक खंडूमामांची. आधी असेल तर दुसऱ्या कुणाची तरी. गाडी भंगारात गेली असेल ना?"

"नाही. हिनकलला गगनच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडलीय. तिला विकायला कुणाचं मनच होत नाही."

नमिताने लग्नाचा बेत तिथेच सोडला आणि तशीच उठून ती बोगादीला मामांकडे गेली.

२

येसाजीराव पोर्चमधल्या वेताच्या खुर्चीत बसले होते. कारखान्यात फोरमन म्हणून आयुष्य काढलेला माणूस. पाठ अजून ताठ होती. फाटक वाजलं तशी त्यांनी मान वळवली, पण काही बोलले नाहीत. नमिता "मामा, मी" म्हणाली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

"ये ये. या तपकिरी साडीत तू अगदी तुझ्या आईसारखी दिसतेस बघ. तिच्याकडे अशीच होती."

म्हातारपणी जुन्या आठवणी आजच्या माणसावर चढतात, असं समजून नमिताने ते सोडून दिलं. मामी, भवानीबाई, लगबगीने बाहेर आल्या. "कॉफी घेतेस ना? बस, बस आधी."

पोर्चमध्ये व्हॅनची जागा अजून मोकळी होती. बाजूला जास्वंदीचं झाड वाकलं होतं. भिंतीतल्या फळीवर येसाजीरावांचे पाने, फडकी आणि तेलाच्या बाटल्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या.

नमिताने सरळच विषय काढला. मामांना आडवळणाने विचारलेलं आवडत नसे, हे तिला ठाऊक होतं.

"ब्रेक ऑइल तुम्हीच बघायचात ना?"

"मी नाही तर कोण? विजयेंद्रला बॉनेट उघडता येत नाही. खंडूला चालवण्यापलीकडे काही ठाऊक नाही. त्या पावसाळ्यात गाडी ब्रेक ऑइल जरा जास्तच खात होती. पण मी टाकी रिकामी पडू दिली नाही. खाली गेलं की भरायचो."

"खात होती म्हणजे कुठेतरी गळत असणार, मामा."

"गळलं असतं तर खाली डाग दिसला असता. मला कधी दिसला नाही."

भवानीबाई कॉफीचे पेले घेऊन आल्या होत्या. त्या थबकल्या. "ओलं असायचं थोडं, मागच्या चाकापाशी," त्या हळूच म्हणाल्या. "लालसर. मला वाटलं, जास्वंदीची फुलं चिरडली. रोज सकाळी रांगोळीच्या आधी पाणी मारते मी, निघून जायचं."

"लाल कुठलं?" येसाजीराव म्हणाले. "एसीचं पाणी. काळपट दिसतं ते, धूळ मिसळून."

"तेच असेल," भवानीबाई लगेच म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत्ताच डाग दिसला नाही म्हणाले, आणि आत्ताच काळपट म्हणाले. नमिताने ते मनात ठेवलं. मग विचारलं, "मामा, खंडूमामांशी बोलणं आहे का?"

येसाजीरावांनी पेला खाली ठेवला. "माझ्या बाजूने तो विषय संपला. चूक झाली तर झाली म्हणावं माणसाने. तो एक शब्द बोलला नाही. गप्प बसून निघून गेला."

त्यांच्या आवाजात राग होता, पण तो शिळा झालेला राग होता. त्यांची नजर रिकाम्या जागेकडे गेली आणि तिथेच राहिली.

भवानीबाई तिला सोडायला फाटकापर्यंत आल्या. "नमिता, हे आता कशाला उकरतेस? दोघांची वयं झाली."

"म्हणूनच, मामी."

भवानीबाईंनी एकदा मागे वळून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक सांगते. विजू अपघाताच्या आधी एकदा गाडीखाली वाकून फोनने फोटो काढत होता. मी विचारलं तर म्हणाला, सुम्ने, असंच. नंतर कधी त्याने त्याचं नाव काढलं नाही."

३

विजयेंद्रला ती व्हॅन नको होती, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. त्याला छोटी गाडी घ्यायची होती. येसाजीराव "ही मोडू दे, मग बघू" म्हणायचे. आणि मग ती मोडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो नमिताला कुक्करहळ्ळी तळ्याच्या काठावर भेटला. ऑफिसमधून थेट आला होता, गळ्यात ओळखपत्र तसंच लटकत होतं.

"अक्का, शरण्याने तुला पाठवलं, अल्वा, हो ना?"

"पाठवलं म्हण. विजू, तू गाडीखाली काय करत होतास?"

तो पळवाट शोधत नव्हता. बहुधा कुणी विचारण्याची वाट बघत होता. त्याने फोन काढला, बरंच मागे गेला आणि तिच्यापुढे धरला.

पोर्चची करडी फरशी. व्हॅनचं मागचं डावं चाक. चाकाच्या आतल्या बाजूने उतरलेला एक ओघळ आणि खाली थाळीएवढं थारोळं. त्याचा रंग स्वच्छ लाल होता, पातळ केलेल्या सरबतासारखा.

"हे अपघाताच्या किती आधीचं?"

"तीनएक आठवडे. गगनला पाठवायला काढला होता. तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला. म्हटलं, रात्री पाठवू. मग विसरलो." तो तळ्याकडे बघत राहिला. "अपघात झाल्यावर हॉस्पिटलमध्ये मला एकदम आठवलं. अप्पा तेव्हा काकांना बोलत होते. मी फोन खिशातून काढला होता, अक्का. हातात होता माझ्या."

"मग?"

"मग वाटलं, लाल तेल म्हणजे स्टिअरिंगचं. ब्रेकचं तर पिवळट असतं. म्हणजे ब्रेकशी याचा संबंध नसणार. असं मीच मला समजावलं. आणि दाखवला असता तर सगळे म्हणाले असते, तुला माहीत होतं आणि तू तुझ्या मुलीला त्या गाडीत बसवलंस. चैत्राला अजून सांगितलेलं नाही मी."

चैत्रा म्हणजे त्याची बायको. नमिताने फोटो स्वतःच्या फोनवर घेतला. तिला त्याचा राग आला होता आणि कीवही आली होती.

"काकांची मी नजर चुकवली," विजयेंद्र म्हणाला. "मला सायकल त्यांनी शिकवली."

पण नमिताचं लक्ष फोटोतच होतं. "विजू, स्टिअरिंगचं तेल कुठे असतं गाडीत?"

"पुढे. इंजिनपाशी."

"आणि हे गळतंय मागच्या चाकातून."

विजयेंद्रने फोटोकडे पुन्हा पाहिलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पुढचं तेल मागच्या चाकापर्यंत आलं कसं?" तो म्हणाला.

४

गगनचं गॅरेज हिनकलला हुणसूर रस्त्याच्या कडेला होतं. नमिताने दाखवलेला फोटो बघून तो खूश झाला नाही.

"मॅडम, मला ठाऊक होतं कुणीतरी येणार. अपघाताच्या आधीच्या दसऱ्याला मागच्या ब्रेकचं काम मीच केलं होतं. नवी रबरं टाकली. आता तिथूनच गळालं म्हणजे दोष गॅरेजचाच, असंच ना?"

"अजून कुणाचाच नाही. ताडपत्री काढा."

व्हॅनचा पुढचा उजवा कोपरा आत गेला होता. नमिता त्या कोपऱ्याकडे बघत उभी राहिली. गोंधळलेला ड्रायव्हर बहुतेक वेळा स्वतःची बाजू वाचवतो. इथे ड्रायव्हरची बाजू भिंतीला दिली होती आणि मुलीची बाजू मोकळी ठेवली होती. झोपेतला माणूस असं वळण घेत नाही. अपघाताच्या दिवशी कुणी नुसतं इथे येऊन उभं राहिलं असतं तरी पुष्कळ होतं.

गगनने जॅक लावून मागचं डावं चाक काढलं. ड्रम उघडला. आतली धूळ तेलाने चिकट झाली होती, लाल चिखलासारखी. ब्रेक पेडलचा दाब चाकापर्यंत पोचवणाऱ्या छोट्या सिलिंडरमधली रबरं त्याने बाहेर काढली आणि तो चक्रावला.

"ही मी टाकलेली नाहीत. म्हणजे मीच टाकलीत, खूण आहे माझी. पण अशी नव्हती."

रबरं फुगली होती. भिजलेल्या पापडासारखी मऊ झाली होती आणि कडा सुटल्या होत्या.

"आता पुढची टाकी," नमिता म्हणाली.

बॉनेट वाकलं होतं, ते पहारीने उचलावं लागलं. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण तिने स्वतः फिरवून काढलं. झाकणाच्या आतला रबरी पडदा इतका फुगला होता की तो परत जागेवर बसेना. टाकीच्या तळाला थोडं तेल राहिलं होतं. लाल.

तिने पेलाभर पाणी मागवलं आणि काडीने त्या तेलाचा थेंब पाण्यात सोडला. थेंब पाण्यावर तरंगत राहिला.

"खरं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं," ती म्हणाली. "हे स्टिअरिंगचं आहे."

गगन हळूहळू खाली बसला. "म्हणजे कुणीतरी ब्रेकच्या टाकीत स्टिअरिंगचं तेल ओतलं."

"एकदा नाही. बघा, पॅड झिजले की टाकीतली पातळी थोडी उतरते, त्यात काही वावगं नाही. ते बघून कुणीतरी पहिल्यांदा हे ओतलं. त्याने रबरं फुगायला लागली आणि मागे गळायला लागलं. गळालं म्हणून पातळी आणखी उतरली. पातळी उतरली म्हणून आणखी ओतलं. पुढून भरायचं आणि मागून गळायचं, म्हणून लाल तेल नळ्यांतून सगळी गाडी ओलांडून मागच्या चाकापर्यंत गेलं. एक दिवस पेडलच्या मुख्य सिलिंडरमधली रबरंही गेली. तो दिवस खंडूमामांच्या वाट्याला आला."

"कुणी मुद्दाम केलं असेल?"

"मुद्दाम करणारा एवढा वेळ घेत नाही. नळी कापतो. हे भरणाऱ्याला वाटत होतं की आपण गाडीची काळजी घेतोय."

गगन म्हणाला, "पण मॅडम, लाल आणि पिवळं तेल कोण चुकेल? लहान मूलसुद्धा सांगेल."

नमिता उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिला स्वतःची लाल साडी आठवली.

५

यावेळी ती शरण्याला घेऊन बोगादीला गेली. ऊन उतरलं होतं. येसाजीराव त्याच खुर्चीत होते.

नमिता फळीपाशी गेली. दोन बाटल्या एकाच आकाराच्या, एकाच उंचीच्या होत्या. एकीत पिवळट ब्रेक ऑइल होतं, झाकणाखालचं सील अजून फाटलेलं नव्हतं. दुसरीच्या तळाला लाल तेल उरलं होतं. दोन्हींची लेबलं हाताळून पुसट झाली होती. तिने त्या आणून त्यांच्यासमोरच्या टीपॉयवर ठेवल्या.

"मामा, गाडीत ब्रेक ऑइल तुम्ही यातलं कुठलं भरायचात?"

येसाजीरावांनी बाटल्या एकेक करून उचलल्या, हलवून पाहिल्या, डोळ्यांजवळ नेल्या. मग लाल तेलाची बाटली पुढे केली.

"ही. बघ, संपत आलीय. दुसरी स्टिअरिंगची, ती तशीच भरलेली आहे."

स्वयंपाकघराच्या दारात भवानीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काय झालं?" येसाजीराव म्हणाले.

"आजोबा," शरण्या त्यांच्या पायाशी बसली. "या बाटलीतल्या तेलाचा रंग कसा दिसतो तुम्हाला?"

"तपकिरी. ब्रेक ऑइल जुनं झालं की तसंच होतं."

"लाल आहे, आजोबा. एकदम लाल."

त्यांनी बाटली पुन्हा उजेडात धरली, वळवून वळवून पाहिली. मग दुसरी पाहिली. कारखान्यात हजारो भाग नजरेखालून घातलेला तो माणूस दोन बाटल्यांमधला फरक शोधत होता आणि तो त्याला सापडत नव्हता.

"मामी," नमिता म्हणाली, "कधीपासून?"

"दीड वर्ष," भवानीबाई म्हणाल्या. "डोळ्याच्या नसेचा आजार आहे. डॉक्टर म्हणाले, लाल रंग आधी जाईल, मग हळूहळू बाकीचं. यांनी मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. मी तरी काय केलं? कपडे काढून ठेवायचे, पेपर वाचून दाखवायचे. गाडी चालवू नका म्हणून हातापाया पडले आणि भावजींना सांगितलं, आता तुम्ही चालवा. त्यांना सगळं सांगितलं होतं मी. गाडीची निगा मात्र यांच्याकडे राहू दिली. म्हटलं, तेवढा तरी मान राहू दे."

"खंडूला माहीत होतं?" येसाजीरावांनी विचारलं. "माझ्या डोळ्यांचं?"

"होतं."

नमिताने मग सगळं सांगितलं. फोटो, चाक, फुगलेली रबरं, पाण्यावर तरंगणारा थेंब. काही लपवलं नाही, काही सौम्यही केलं नाही. फोरमन माणसाला काम कसं बिघडलं ते नीट सांगणं हाच मान, असं तिला वाटलं. त्यांनीही मधे एक-दोन प्रश्न विचारले, अगदी मोजके आणि बरोबर. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे मी जितकं भरत गेलो, तितकं बिघडत गेलं."

"हो, मामा."

"आणि त्याला मी सगळ्यांसमोर..."

त्यांचा हात टीपॉयवर काहीतरी शोधत फिरला. शरण्याने तो धरला. तिच्या खांद्यापाशी त्यांची बोटं थोडा वेळ थांबली, जिथे हाड जोडलं गेलं होतं.

"उद्या सरगूरला जायचं," ते म्हणाले.

६

विजयेंद्रने ऑफिसात रजा टाकली आणि भाड्याची गाडी आणली. निघायच्या आधी त्याने तो फोटो चैत्राला दाखवला. गाडीत ती त्याच्या शेजारी न बसता मागे शरण्यापाशी बसली.

खंडोजीराव ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. काठी भिंतीला टेकवून ठेवली होती. एवढी माणसं उतरताना बघून ते उठायला लागले, पण गुडघा वाकेना. शरण्या धावत गेली आणि त्यांच्या गळ्यात पडली. ते तिच्या खांद्याला हात लावायला बिचकत होते.

"दुखतं का गं अजून?"

"नाही, खंडूअज्जा. बिलकूल नाही."

येसाजीराव चाचपडत ओट्यापर्यंत आले. पायरी कुठे आहे ते त्यांना कळेना. खंडोजीरावांनी बसल्या जागेवरून हात पुढे केला. "दादा, इथे. पाय उचल."

दोघे भाऊ शेजारी बसले. बाकीचे अंगणात उभे राहिले.

"खंडू, तेल मी चुकीचं भरलं होतं," येसाजीराव म्हणाले. "ब्रेक माझ्या हाताने गेले. तुझी काही चूक नव्हती. मी जे बोललो ते सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांना घेऊन आलोय."

खंडोजीरावांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "मला शंका आली होती, दादा. भिंतीपाशी पडलो होतो तेव्हा गाडीखालून लाल ओघळ माझ्या दिशेने येत होता. तेव्हा काही कळलं नाही. नंतर इथे आल्यावर विचार करत बसलो तेव्हा सुचलं."

"मग बोलला का नाहीत?" विजयेंद्र न राहवून म्हणाला. "एक फोन करायचा, काका."

"काय सांगू? दादाला दिसत नाही, म्हणून त्याच्या हातून नात मरता मरता वाचली, असं? वहिनींना शब्द दिला होता मी. आणि खरं सांगू? मला वाटत होतं, कुणीतरी विचारेल. तू नाहीतर नमिता, नाहीतर ही पोर. काका, नेमकं काय झालं, एवढंच. विचारलं असतं तर सांगितलं असतं बहुतेक. पहिला महिनाभर फोन उशाशी घेऊन झोपायचो."

नमिताला मान वर करता आली नाही. शरण्या रडत होती.

"माफ कर, खंडू," येसाजीराव म्हणाले. आयुष्यात हे शब्द त्यांनी किती वेळा वापरले असतील, कुणास ठाऊक. ते त्यांच्या तोंडात अवघडून आले.

"आयितु, दादा, झालं गेलं. राग नाही माझा. कधी नव्हता." खंडोजीरावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "डोळ्यांचं काय म्हणतात डॉक्टर?"

"जातील म्हणतात. हळूहळू."

जेवणं झाली. भवानीबाईंनी चुलीपाशी बसून भाकरी केल्या आणि भावजींना समोर बसवून वाढलं. चैत्राने वाढलेलं विजयेंद्रने मुकाट्याने खाल्लं. दुपारी दोघे भाऊ बांधावरून चालत विहिरीपर्यंत गेले. एकाला नीट दिसत नव्हतं आणि एकाला नीट चालता येत नव्हतं, त्यामुळे त्यांना बराच वेळ लागला. परत आले तेव्हा येसाजीराव वडिलांच्या वेळच्या आंब्याच्या झाडाबद्दल काहीतरी सांगत होते आणि खंडोजीराव हसत होते. अंगणातून ते बघताना सगळ्यांना वाटलं, झालं, मिटलं.

निघायची वेळ झाली तेव्हा येसाजीराव म्हणाले, "तुझी वरची खोली तशीच आहे. कपडे घे आणि चल."

खंडोजीराव ओट्याच्या खांबाला धरून उभे राहिले.

"मी इथेच राहतो, दादा."

"राग नाही म्हणालास."

"नाहीच. तू ये, वहिनी येऊ देत, पोरीला आणा. दर महिन्याला या. पण त्या घरात परत येऊन राहायचं म्हणजे..." ते शब्द शोधत होते. आयुष्यभर भाषा शिकवलेल्या माणसाला ते सापडत नव्हते. "तुझं मी समजू शकतो. तुला दिसत नव्हतं. पण त्या व्हरांड्यात इतकी माणसं होती, आणि सगळ्यांनी किती पटकन मान्य केलं. एकाच्याही चेहऱ्यावर आलं नाही, की खंडू असं करेल का. ते विसरता येत नाही मला. प्रयत्न करून पाहिला. नाही विसरता येत."

विजयेंद्रने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. नमिता त्याच्या मागोमाग वाकली. खंडोजीरावांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सावकाश जा. अंधाराच्या आत पोचा."

गाडी सुरू झाली. पुढच्या सीटवर बसलेले येसाजीराव काच खाली करून ओट्याच्या दिशेने बघत राहिले.

"उभा आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

शरण्याने मागे वळून पाहिलं. ओट्यावर कुणी नव्हतं. खंडोजीराव आत गेले होते आणि दार लोटलेलं होतं.

"उभे आहेत, आजोबा," ती म्हणाली.

येसाजीरावांनी खिडकीबाहेर हात काढला आणि वळण येईपर्यंत ते तो हलवत राहिले.